उरलेला आरसा

अर्धवाहक चिपमधून मध्य-अवरक्त प्रकाशाचे प्रवर्धन करताना सर्वांत चिवट अडचण कोणती, असे विचारले तर नवखा अभियंता लाभाचे, म्हणजे आत शिरलेला प्रकाश बाहेर पडेपर्यंत किती पट होतो त्या प्रमाणाचे, नाव घेतो. या कामात वय गेलेला माणूस मात्र चिपच्या कडेकडे बोट दाखवतो. स्फटिक चिरल्यावर मिळणारे ते आरशासारखे सपाट पृष्ठ, ज्याला प्रयोगशाळेत सगळे फॅसेटच म्हणतात, लेसरला जन्म देते आणि प्रवर्धकाचा घात करते. क्वांटम कॅस्केड रचनेचा अपवर्तनांक ३.२च्या आसपास असल्याने उघडे फॅसेट सुमारे २७ टक्के प्रकाश परत आत लोटते, आणि दोन्ही बाजू तशाच राहिल्या तर लाभ चौपट होण्याआधीच चिप स्वतः लेसर होऊन बसते. शंभरपट, म्हणजे २० डेसिबल, लाभ हवा असेल तर परावर्तन एक टक्क्याच्या खाली न्यावेच लागते. ते हजारात एक इतके उतरवले तरी लाभाच्या आलेखावर दीड डेसिबलहून मोठी लहर शिल्लक राहते. प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे त्या लहरीपायी गेली.

परावर्तन मारणाऱ्या लेपाची जाडी त्या लेपातील तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी असावी लागते. दूरसंचाराच्या १.५५ मायक्रॉनला ०.२ मायक्रॉनचा थर पुरतो, पण ४.६ मायक्रॉनला तो ०.६४पर्यंत जातो, आणि एवढा जाड थर अंतर्गत ताणामुळे कडेपासून सुटू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली आधी रंगांच्या बारीक कड्या दिसतात आणि मग पापुद्रा. ९ मायक्रॉनकडे गेल्यास सिलिका आणि अ‍ॅल्युमिना स्वतःच प्रकाश गिळतात, म्हणजे जुने भरवशाचे साहित्यच हातातून जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न तंतू-प्रवर्धकांचे पुरस्कर्ते १९८७पासून, एर्बियमचे यश हाती आल्यापासून, करीत आले आहेत. पण सिलिकाच्या तंतूतून ही तरंगलांबी जातच नाही. तिचा मार्ग मोकळ्या हवेतला, ३ ते ५ आणि ८ ते १२ मायक्रॉनच्या वातावरणीय खिडक्यांतला आहे. शिवाय १९९४ साली बेल लॅब्जमध्ये फाइस्ट, कापासो आणि सहकाऱ्यांनी साकारलेल्या क्वांटम कॅस्केड रचनेत वरच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या सुमारास खाली उतरतो, त्यामुळे एका स्पंदाची सावली पुढच्यावर फारशी पडत नाही. अलीकडे मात्र लाभाचा कमाल आकडा ठळक छापायचा आणि लहरीचा आलेख गाळायचा, अशी रीत पडली आहे. लेखकाच्या मते ही अप्रामाणिकता आहे.

हाताला कंप सुटल्यापासून हिऱ्याच्या टोकाने पातळ वेफरवर ओरखडा काढण्याचे काम लेखकाने एका विद्यार्थिनीकडे सोपवले. प्रकाशवाहक पट्टीच फॅसेटशी सात अंश तिरपी आखावी, म्हणजे परतणारा प्रकाश तिच्यात पुन्हा शिरणार नाही, असे तिने सुचवले. तिरपी पट्टी ही जुनी युक्ती आहे, पण लांब तरंगलांबीला अरुंद पट्टीतून परतलेला प्रकाश फाकतो आणि तिरकसपणाचा लाभ घटतो, म्हणून पट्टी रुंद हवी. शिवाय सात अंशांचा तिरपेपणा बाहेर पडताना सुमारे २३ अंशांचा होतो आणि भिंग बसवणे जिकिरीचे ठरते. या दोन्ही हरकती खऱ्या होत्या, आणि लेखकाने त्याच पुढे करून दोन वर्षे तिचा मुखवटा, म्हणजे पट्ट्यांची आखणी असलेली काच, बनू दिला नाही. खरे कारण वेगळे होते: लेप ही लेखकाची ओळख होती, आणि केवळ आखणीने तेच काम साधते हे त्याला सोसवत नव्हते.

अखेर तिने तिरपी पट्टी आणि पातळसर यट्रियम ऑक्साइडचा थर, दोन्ही एकत्र वापरले. पिवळसर झिंक सेलेनाइडच्या भिंगातून लाल मार्गदर्शक किरण पार जातो, तेवढ्या आधारावर तिने जुळणी एका दुपारीत केली. पडद्यावर आलेख उमटला तेव्हा लेखकाने लाभ पाहिलाच नाही. आलेखाच्या डाव्या टोकाशी थोडी लहर उरली होती, ती मात्र त्याने दोनदा मोजली, आणि ती स्वतःच्या सर्वोत्तम लेपापेक्षा लहान निघाली तेव्हा तिसऱ्यांदा मोजली.