हिरव्या कागदाचे दिवस

मार्च उजाडला की आमच्या घरात हिरव्या कागदाचा कचरा सुरू होतो. सोफ्याखाली, चपलांच्या कप्प्यात, एकदा तर चक्क आमटीत! डब्लिनमध्ये राहायचं आणि घरात शाळकरी पोर असेल तर यातून सुटका नाही. १७ मार्चला सेंट पॅट्रिक्स डे. १९०३ च्या कायद्यापासून आयर्लंडमध्ये त्या दिवशी सुट्टी असते, आणि त्याआधीचे पंधरा दिवस मुलांच्या हातात कात्री.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे शॅमरॉक, तीन पानांचा. हिरव्या कागदाचे तीन चौकोन घ्या. प्रत्येकाची मधोमध घडी घाला, घडीच्या बाजूला अर्धा बदाम काढून कापा. उघडलं की पत्त्यातला बदाम तयार. तिन्ही बदामांची टोकं एका ठिकाणी चिकटवा, खाली बारीक पट्टीचा देठ लावा. झालं! आमच्या चार वर्षांच्या धाकट्यालाही जमतं. फक्त पानं तीनच हवीत. चौथं लावलंत तर लेक लगेच भांडायला उठते, की हा शॅमरॉक नाहीच.

तीनच का? तर संत पॅट्रिकने म्हणे हेच पान हातात धरून लोकांना समजावलं, की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव कसा. पॅट्रिक पाचव्या शतकातला आणि ही गोष्ट छापून आली ती थेट अठराव्या शतकात, त्यामुळे खरंखोटं तो पॅट्रिकच जाणे. गेल्या वर्षी माझी आई तीन महिने साताऱ्याहून आली होती. तिने ते पान पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर बेल!" मग आजी-नातीने मैद्याची खळ शिजवली आणि शॅमरॉकला आकाशकंदिलासारख्या झिरमिळ्या लावल्या. बाईंनी तो वर्गाच्या दारावर टांगला म्हणे.

मला स्वतःला मात्र जास्त आवडतो तो जुना बिल्ला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथल्या खेड्यांत मुलं घरीच कागदाचे बिल्ले करून छातीवर लावायची. मुलगे कागदावर वर्तुळ काढून त्यात क्रूस रंगवायचे. मुली पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांचा क्रूस करून त्यावर रंगीत रिबीन गुंडाळायच्या आणि मधोमध रिबिनीचंच फूल. मेयो परगण्यात टर्लोला राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, तिथे असे बिल्ले जपून ठेवलेत. आणि गलिव्हरवाला जोनाथन स्विफ्ट, त्याने १७१३ साली लंडनहून पत्रात लिहिलंय, की रस्त्यावर इतके क्रूस दिसले की सगळं जगच आयरिश आहे असं वाटलं.

हे लेकीला सांगितलं तर तिने विचारलं, "म्हणजे बिल्ला लावला की मी आयरिश?"

आता काय सांगणार! लेक पुण्यात जन्मलेली, वर्षाची असताना २०१८ मध्ये आमच्याबरोबर इथे आली. धाकटा इथलाच. इथे २००४ मध्ये सार्वमत झालं आणि २००५ पासून नुसतं इथे जन्मून भागत नाही, आईवडिलांपैकी एकाचं आधीच्या चार वर्षांत तीन वर्षं इथे वास्तव्य लागतं. आमचं होतं, म्हणून तो जन्मतःच आयरिश. एकाच ताटात जेवणारी दोन पोरं, एकाचा पासपोर्ट लालसर, दुसरीचा निळा. विमानतळावर रांगा वेगळ्या झाल्या की ती दरवेळी का म्हणून विचारते.

आम्ही नागरिकत्व घेतलं तर पुढे तिचाही अर्ज करता येईल. पाच वर्षांची अट कधीच पुरी झालीय. पण भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. नवरा म्हणतो, कागदच तर आहे. खरंय. पण त्या कागदावर सही करायला माझा हात अजून पुढे होत नाही. आईला फोनवर अजून सांगितलेलंही नाही (आता इथे वाचेल बहुतेक!).

लेकीला मी एवढंच म्हटलं, "बिल्ला कोणीही लावू शकतं, पासपोर्टला मात्र अर्ज लागतो."

"मग बिल्लाच बरा," ती म्हणाली आणि रिबीन गुंडाळायला लागली.

असो. करून बघणार असाल तर पट्ट्या बोटाएवढ्याच लांब घ्या, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही. सेफ्टी पिन मागून चिकटपट्टीने पक्की करा आणि एक बिल्ला जास्तीचा करा, शाळेत कोणीतरी नक्की विसरून येतं. लेकीने यंदा पाच केलेत. एक साताऱ्याला पाठवायचाय. आजी तो देवघरात ठेवेल की पदराला लावेल, यावर घरात पैज लागलीय.