समुद्राची हद्द

नकाशात सगळे महासागर एकाच निळ्या रंगाचे असतात. मग हिंदी महासागर संपतो कुठे आणि अटलांटिक सुरू होतो कुठे? मी रायपूरच्या समता कॉलोनीतला. आमच्या शहराला समुद्र नाही, खारून नदी आहे. तिचे पाणी शिवनाथ आणि महानदीतून बंगालच्या उपसागराला मिळते. नौदलात जायचे ठरवल्यापासून मात्र हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे.

उत्तर एका पुस्तिकेत सापडले. महासागर आणि समुद्रांच्या सीमा सांगणारी ही पुस्तिका मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेची. पहिली आवृत्ती १९२८ ची, तिसरी १९५३ ची. त्यानंतर नवी आवृत्ती निघालेली नाही. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राच्या नावावर त्या देशांचे एकमत झालेले नाही, हे त्याचे मोठे कारण. आफ्रिकेच्या अगुल्हास भूशिरापासून दक्षिणेकडे जाणारी २० अंश पूर्व रेखावृत्ताची रेघ म्हणजे हिंदी महासागर आणि अटलांटिक यांची हद्द.

मला सर्वांत आवडली ती कारवारची नोंद. काळी नदीच्या मुखाशी सदाशिवगड आहे. तिथल्या दीपगृहापासून लक्षद्वीपकडे एक रेघ जाते. तिच्या उत्तरेला अरबी समुद्र, दक्षिणेला लक्षद्वीप समुद्र! म्हणजे मुंबई, रत्नागिरी आणि गोवा यांचा समुद्र कारवारला नाव बदलतो. ही रेघ पाण्यात दिसत नाही, पण जगाच्या पुस्तिकेत आपल्या ओळखीच्या गडाचे नाव आहे.

आजोबांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "हिंदी महासागर म्हणजे सगळा आपलाच की रे!" तसे नाही. नाव म्हणजे मालकी नव्हे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची सत्ता चालते. २०० मैलांपर्यंत मासळी, तेल आणि वायू यांवर त्याचा हक्क असतो. त्यापलीकडचा खुला समुद्र सर्वांचा. आपल्या देशाचे नाव त्या महासागराला आहे, म्हणून आपला हक्क वाढत नाही. जबाबदारी मात्र वाढते. वादळात सापडलेले जहाज कोणत्याही देशाचे असो, मदतीला जावेच लागते.

त्याच कारवारजवळ आज आपल्या नौदलाचा 'कदंब' हा तळ आहे. माझी पहिली नेमणूक तिथे व्हावी, एवढीच इच्छा आहे. त्यासाठी आधी गणित सुधारायला हवे.