सांडवा

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मनात पाण्याविषयी फारशी मृदू भावना उरत नाही. पाणी म्हणजे वजन, पाणी म्हणजे दाब, आणि वाट मिळाली नाही तर स्वतःची वाट काढणारे बळ. एवढेच मला ठाऊक होते. माझ्या पत्नीचे पाण्याशी नाते निराळे होते. बडोद्याच्या आमच्या घरात तिने बैठकीच्या भिंतीशी माशांची एक काचेची टाकी मांडली होती; १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. संध्याकाळी वेताच्या खुर्चीत बसून ती आपल्या सहा सोनेरी माशांशी सांगलीकडच्या हेलात बोलत असे. मी वर्तमानपत्राआडून ऐकत असे, आणि ऐकत नसल्याचे दाखवत असे.

टाकीखालच्या कपाटात दुसरी लहान टाकी होती. वरचे पाणी तिच्यात उतरे, गाळले जाई, आणि पंप ते पुन्हा वर चढवी. खाली येण्यासाठी काठावर टांगलेली एक वक्रनळी होती. तिच्यात हवा शिरली की ती अडे. “अहो, पाण्याला जायला सरळ वाट नको का? मागच्या काचेला एक भोक पाडून द्या,” असे ती कितीदा म्हणाली असेल. मी दर वेळी तिला काचेचे शास्त्र ऐकवी. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. ताणलेल्या पत्र्यातल्या गोल छिद्राच्या कडेशी ताण तिपटीने वाढतो. तिथे केसाएवढी चीर राहिली तरी एक दिवस तिथूनच काच जाते. हे सारे खरे होते. पण धडधाकट वस्तूला भोक पाडायला माझे मन धजत नव्हते, हे त्याहून खरे होते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ती गेली. त्या दिवसांत माणसे जशी जात होती तशीच, रुग्णालयाच्या बंद दाराआड. मी रडलो नाही. मुलगी बंगळूरहून फोन करी, मी तिला माशांची खुशाली सांगे. आईचा विषय निघाला की टाकीचे पाणी बदलायचे आहे असे सांगून फोन ठेवून देई.

दोन वर्षांनी, पावसाळ्यातल्या एका रात्री वीज गेली आणि तासाभराने आली. पंप सुरू झाला. वक्रनळीत मात्र हवा भरली होती. ती सुरू झाली नाही. त्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे ५.४ लिटर पाणी. काठापर्यंत जागा होती ३ सेंटिमीटर, आणि पंपाने खालून ४० लिटर वर चढवले. पहाटे उठलो तो पाऊल पाण्यात पडले. वेताच्या खुर्चीच्या पायाशी तिचा सर्वांत जुना मासा निपचित पडला होता.

फरशी पुसताना मला मच्छू आठवली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मोरवीच्या वरचे मच्छू-२ धरण फुटले, तेव्हा मी नोकरीला नुकताच लागलो होतो. पुरापुढे सांडवा अपुरा पडला, पाणी मातीच्या भिंतीवरून वाहू लागले, आणि भिंत गेली. तिच्यामागून खालचे शहर बुडाले. पुढे आयुष्यभर मी सांडव्यांचीच गणिते केली. धरण भिंतीच्या बळावर उभे राहत नाही, सांडव्याच्या भरवशावर उभे राहते, असे नव्या अभियंत्यांना बजावले. आणि माझ्याच घरात सांडवा नव्हता.

मासे टबात हलवले, टाकी रिकामी केली आणि पुढची काच खाली करून जाड रजईवर आडवी ठेवली. टफन्ड काचेला भोक पडत नाही, क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून आधीच मागे संगणकाचा पडदा ठेवून ध्रुवित काचांच्या चष्म्यातून ती पारखली होती. काळपट डाग दिसले नव्हते. ड्रिलला लावायची ४० मिलिमीटरची पाती नळीसारखी पोकळ होती, तिच्या कडेवर हिऱ्याचे कण होते. आमच्या जवळच्या खंभातचे कारागीर अकीकाच्या मण्याला हिऱ्याच्या टोकानेच भोक पाडतात, याचा थोडा धीर आला. छिद्राची जागा कडांपासून पुरेशी आत धरली. आतल्या बाजूने चिकटपट्टी लावली, वरून मातीचे आळे करून त्यात पाणी घातले. कारण कोरडी काच तापते आणि तडकते.

पाती आधी तिरकी टेकवली. चंद्रकोरीएवढी खूण उमटली तशी हळूहळू उभी केली. वेग कमी, दाब यंत्राच्या वजनाएवढाच. पाणी दुधासारखे पांढरे झाले. शेवटचे दोन मिलिमीटर सर्वांत अवघड, तिथे घाई केली की काचेची कपची उडते. माझे हात कापत होते. ही टाकी फुटली तर तिचे या घरात काय उरणार, हा प्रश्न पंधरा मिनिटे माझ्यासमोर होता. मग आवाज बदलला आणि काचेची गोल चकती चिकटपट्टीवर अलगद विसावली.

नळी बसवली, आतून दातेरी कडेची काचेची पेटी सिलिकॉनने जोडली, ते सुकेपर्यंत दोन दिवस थांबलो. पाणी भरून पंप लावला. पातळी दात्यांपर्यंत चढली आणि तिथेच राहिली. वरचे पाणी आपोआप खाली जाऊ लागले. मग मुद्दाम वीज बंद केली. थोडे पाणी खाली उतरले, खालच्या टाकीत त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावले, आणि सारे शांत झाले. पुन्हा वीज लावली. पाणी पुन्हा वाहू लागले.

रात्री मुलीला फोन केला. “आई म्हणायची ते भोक पाडले,” एवढे म्हणालो, आणि पुढचे शब्द फुटेनात. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला रडू आले. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.