कार्पेटवर राहायला गेलेली क्लार्की

घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे असं कळलं की ठाण्यातले आमचे पाहुणे आधी 'निमो' शोधतात. २००३च्या त्या चित्रपटाने क्लाउनफिश म्हणजे नारिंगी अंग आणि पांढरे पट्टे, हे सगळ्यांच्या मनात पक्कं करून टाकलंय. क्लार्की ही क्लाउनफिशचीच एक जात. आमची क्लार्की दाखवली की हमखास प्रश्न येतो, "ही एवढी काळी का? आजारी आहे का?" सासूबाई तर परस्पर सांगून मोकळ्या होतात, "आली तेव्हा चांगली पिवळीधमक होती हो!"

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे आणि त्याला पुरावाही आहे. डोंबिवलीच्या माझ्या मावसभावालाही हाच नाद. हॅचरीत वाढलेली क्लार्कीची पिल्लं दुकानात आल्याचं कळलं, तेव्हा आम्ही एकाच पिशवीतली पिल्लं वाटून घेतली, दोन मला, दोन त्याला. एकाच जोडीची अंडी, एकाच खाण्यावर वाढलेली पिल्लं. आम्ही दोघंही खडकावरून पकडून आणलेला मासा घेत नाही. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे आणि ही पिल्लं टाकीत तग धरतात, मग समुद्रातला मासा कशाला हवा?

दोन टाक्यांत मोठा फरक एकच होता. माझ्याकडे कार्पेट अ‍ॅनिमोन होता, त्याच्याकडे कुठलाच अ‍ॅनिमोन नव्हता. अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल. नावात फूल असलं तरी तो प्राणीच. माझा कार्पेट हॅडोनी जातीचा. वाळूत पाय रोवून चकतीसारखा पसरतो आणि चकतीवर आखूड, चिकट शुंडकांची दाट गर्दी असते. चुकून बोट लागलं तर सोडवून घेताना शुंडकं ओढ घेतात. दुसरा कुठला मासा त्यावर पडला तर परत निघत नाही. क्लाउनफिश मात्र तिथेच घर करतात.

हॅचरीतल्या पिल्लांनी अ‍ॅनिमोन जन्मात पाहिलेला नसतो. समुद्रात अंड्यातून निघालेलं पिल्लू दहा-बारा दिवस पाण्याबरोबर वाहतं आणि मग वासाच्या मागावर आपला अ‍ॅनिमोन गाठतं. माझी पिल्लं आधी टाकीच्या कोपऱ्यात पंपाजवळ रमली. मग त्यातली मोठी कार्पेटकडे वळली. शेपटीचं टोक लावायचं, झटका बसल्यासारखं मागे व्हायचं, पुन्हा पोट टेकवायचं. अशी सवय होता होता एक दिवस ती सरळ मध्यावर जाऊन लोळू लागली.

त्यानंतर तिच्या अंगावर काळे ठिपके दिसले. आधी हनुवटीखाली, मग छातीच्या परांच्या बुडाशी. ठिपक्यांना उठाव नव्हता, खवले जागच्या जागी होते, श्वास नेहमीचा आणि भूक जबरदस्त. दुकानदाराला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "मॅडम, परजीवी असेल, तांब्याचं औषध टाका." तांबं माशाला सोसतं, पण अ‍ॅनिमोन, प्रवाळ, कोळंबी यांच्यासाठी ते विष आहे. खाणारा-पिणारा मासा बघून मी औषध टाकलं नाही. नव्या अ‍ॅनिमोनशी किंवा डंख करणाऱ्या प्रवाळाशी जवळीक करणाऱ्या क्लाउनच्या अंगावर असे डाग उठतात आणि बहुधा आपोआप विरतात, हे बरीच वर्षं टाकी सांभाळणारे जाणतात.

तिचेही डाग विरले, पण त्यांच्या मागोमाग अख्खं अंगच गडद होत गेलं. पाठ तपकिरी झाली, मग पट्ट्यांमधली जागा काळी झाली. तोंड, छाती आणि पर तेवढे पिवळे राहिले. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असे काही उठून दिसू लागले की मला तरी ती आधीपेक्षा देखणी वाटायची. डोंबिवलीची भावंडं मात्र होती तशीच, पिकल्या आंब्याच्या रंगाची.

मावसभावाचा पहिला संशय खाण्यावर. "ताई, तू काय खायला घालतेस ते बघ." प्रश्न रास्त होता. माशांच्या नारिंगी-पिवळ्या रंगामागची कॅरोटिनॉइड त्यांना स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. म्हणून चांगल्या खाद्यात कोळंबी, क्रिल किंवा अ‍ॅस्टाझँथिन असतं आणि नुसत्या स्वस्त दाण्यांवर ठेवलेला क्लाउन फिका पडतो. पण फिकं पडणं वेगळं आणि काळं होणं वेगळं. काळा रंग मेलॅनिनचा, तो मासा स्वतः बनवतो. तरी खात्रीसाठी मी माझंच खाद्य त्याला देऊन ठेवलं. त्याची पिल्लं तेच खाऊन पिवळीच राहिली.

मग दिव्यांवर संशय. कार्पेटच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅनिमोनला मिळतो, म्हणून माझ्या टाकीवरचे दिवे प्रखर आहेत. मावसभावानेही पुढे प्रवाळांसाठी दिवे वाढवले, तरी त्याच्या माशांच्या रंगात फरक पडला नाही.

सगळ्यात बोलका पुरावा माझ्याच टाकीत होता. क्लाउनफिश आधी नर असतात. गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो आणि मोठी मादी लहान नराला चांगलंच वचकात ठेवते. माझ्या मोठीने कार्पेट ताब्यात घेतल्यावर धाकट्याला तिथे फिरकू दिलं नाही. तो पंपाजवळच राहिला. पाणी तेच, दिवे तेच, खाणं तेच. ती काळी होत गेली आणि तो पिवळाच राहिला. पुढे त्यांचं जमलं, मादीने त्याला कार्पेटच्या कडेला जागा दिली आणि मग तोही पाठीकडून गडद होऊ लागला. वयाचा, हुद्द्याचा परिणाम यात अजिबात नाही असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन माशांवरून सिद्धान्त होत नाही. पण औषधाची बाटली मी त्या दिवसापासून कपाटाच्या मागे ढकलली.

डॅफ्नी फॉटिन आणि जेराल्ड अ‍ॅलन यांनी क्लाउनफिश आणि त्यांच्या अ‍ॅनिमोनवर १९९२ साली क्षेत्रपुस्तिका काढली. माझ्या कोड्याचं उत्तर तिच्यात होतं. क्लाउनफिशला आश्रय देणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या दहा जाती त्यांनी दिल्या आहेत आणि क्लार्की या दहाही जातींवर राहू शकते. तिच्याइतका मोकळा स्वभाव दुसऱ्या कुठल्या क्लाउनचा नाही. मर्टेन्सी नावाच्या कार्पेटवर राहणाऱ्या क्लार्की बहुधा काळ्या असतात, इतर अ‍ॅनिमोनवरच्या पुष्कळदा नारिंगी किंवा तपकिरी. क्रिसॉप्टेरस या दुसऱ्या जातीतही असंच दिसतं. माझा कार्पेट मर्टेन्सी नव्हे, पण त्याच कुळातला. पुढे पापुआ न्यू गिनीत एकत्र राहणाऱ्या नऊ जातींच्या क्लाउनफिशची पाहणी झाली, तिथेही काळ्या रंगाचा आणि यजमान अ‍ॅनिमोनच्या जातीचा संबंध आढळला.

पांढऱ्या पट्ट्यांची हकिकत याहून नवलाची आहे. पापुआ न्यू गिनीच्याच किंबे उपसागरात पर्क्युला जातीची पिल्लं दोन वेगळ्या अ‍ॅनिमोनवर राहायला येतात, जायगँटिया कार्पेटवर आणि मॅग्निफिकावर. कार्पेटवरच्या पिल्लांना पांढरे पट्टे लवकर येतात, मॅग्निफिकावरच्यांना उशिरा. पॉलीन सालिस, व्हिन्सेंट लॉदे आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली याचं कारण मांडलं. कार्पेटवरच्या पिल्लांत थायरॉइडची संप्रेरकं जास्त असतात आणि ती बनवण्याच्या कामातलं डुऑक्स नावाचं जनुकही जास्त सक्रिय असतं. प्रयोगशाळेत ऑसेलारिस या आणखी एका क्लाउन जातीच्या पिल्लांना थायरॉइड संप्रेरक दिलं, तेव्हा त्यांचेही पट्टे लवकर उमटले. हे पट्टे इरिडोफोर नावाच्या पेशींचे असतात. त्यांच्यातले ग्वानिनचे स्फटिक प्रकाश परतवतात, म्हणून पट्टा पांढरा दिसतो. जायगँटिया जास्त विषारी, तिच्याशी जुळवून घेताना पिल्लाच्या शरीरात ही उलथापालथ होत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

लॉदे यांच्या ओकिनावातल्या चमूने टोमॅटो क्लाउनवरही काम केलं. या जातीच्या पिल्लांना दोन-तीन पट्टे असतात आणि मोठ्या माशाला डोक्याजवळचा एकच. जादा पट्टे वाढीबरोबर जातात, पण पिल्लाला अ‍ॅनिमोन मिळाला तर जास्त झपाट्याने जातात. म्हणजे कार्पेटपायी पर्क्युलाला पट्टे लवकर येतात आणि अ‍ॅनिमोन मिळाल्यावर टोमॅटोचे लवकर जातात. बाहेर कोणाचा शेजार आहे त्यावर माशाच्या आतलं घड्याळ पुढे सरकतं. मला हे वाचून आमच्या टाकीकडे बघायची दृष्टीच बदलल्यासारखं झालं.

मावसभावाने पुढे बबल टिप आणला, फुगीर टोकांच्या शुंडकांचा अ‍ॅनिमोन. घरच्या टाक्यांत हाच जास्त पाळला जातो. त्याच्या क्लार्की लगेच त्यात शिरल्या. पाठीवर जराशी तपकिरी छटा आली, पण माझ्यासारखा काळा रंग चढला नाही. अ‍ॅनिमोन आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, कोणता आहे तेही बघावं लागतं.

प्रत्येक काळा क्लाउन अ‍ॅनिमोनमुळेच काळा झालेला असतो असंही नाही. ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या समुद्रात मिळणारे काळे ऑसेलारिस मुळातच काळ्या वाणाचे असतात. दुकानात स्नोफ्लेक, पिकासो अशा नावांनी महाग विकले जाणारे मासे निवडक जोड्या लावून तयार केलेले. तो रंग पिढीजात असल्याने मासा घरी आणला तरी टिकतो. माझ्या क्लार्कीचा रंग तिला कार्पेटवर येऊन चढला आहे. विकत घेताना दोन्ही मासे काळेच दिसतात आणि दुकानातल्या पाटीवर हा भेद लिहिलेला नसतो.

नव्याने टाकी लावणारे विचारतात, "रंग यायला अ‍ॅनिमोन घेऊ का?" मी सरळ नको म्हणते. क्लाउन टाकीत अ‍ॅनिमोनशिवाय वर्षानुवर्षं मजेत जगतो, अंडीही घालतो. अ‍ॅनिमोनला मात्र जुनी, स्थिरावलेली टाकी, भरपूर प्रकाश आणि समुद्राइतका एकसारखा खारेपणा लागतो. ठाण्याच्या मे महिन्यात चिलरशिवाय पाणी तिशीपार जातं, मग आतलं शैवाल सोडून तो पांढरा पडतो. जागा पटली नाही तर चालू लागतो आणि पंपाच्या पात्यात सापडला की अख्ख्या टाकीचं पाणी नासवतो. शिवाय रंग चढेलच याचीही हमी नाही.

मध्यंतरी एक गृहस्थ टाकी बघायला आले आणि क्लार्कीवर अडून बसले. "असा काळा पीस दुकानात मिळत नाही, तुम्ही म्हणाल ती किंमत देतो." त्यांच्याकडे ऑसेलारिसची जोडी होती, अ‍ॅनिमोन नव्हता. मी त्यांना मावसभावाकडच्या भावंडांचे फोटो दाखवले आणि सांगितलं की तुमच्या टाकीत हिचा हाच रंग राहील असं मी लिहून देऊ शकत नाही. त्यांनी फोटो दोनदा बघितले, चहा संपवला आणि कार्पेटसकट किती घ्याल असं विचारलं. त्यावर मी त्यांना त्यांच्या टाकीचं वय विचारलं. ती गेल्या गणपतीत लावली होती आणि चिलर अजून घ्यायचा होता. क्लार्की आणि कार्पेट दोन्ही आमच्याकडेच आहेत.