किडनी बदलली, पण तोल जातोय?

किडनी बदलून माणूस घरी आला की आपण म्हणतो, "चला, सुटला." परवा अशाच एका ओळखीच्या काकांकडे बसलो होतो. आठवड्यात दोनदा पडले, तेही घरातच. म्हणाले, "भाऊ, या गोळ्याच बंद कराव्या वाटतं."

मला त्यांच्या पडण्यापेक्षा या वाक्याची भीती वाटली.

टॅक्रोलिमसने हात थरथरतात. रक्तात त्याचं प्रमाण जास्त झालं तर त्रास वाढतो, काहींचा तोल जातो. स्टेरॉईड फार दिवस चाललं की मांड्यांतली ताकद कमी होते, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे पडायचीही भीती अन् मोडायचीही. बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येते ती वेगळीच.

पण मनाने गोळ्या थांबवल्या तर शरीर नवी किडनी नाकारतं. आईने, बायकोने दिलेली असते हो ती!

म्हणून पडलात तर, लागलं नसलं तरी, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करा. टॅक्रोलिमसची पातळी तपासायला रक्त सकाळच्या गोळीआधी द्या. खाटेवरून उठताना मिनिटभर बसा. मोरीत धरायला दांडी लावा. अन् केळीच्या रावेरात सांगायला जड जातं, पण या औषधाने पोटॅशियम वाढू शकतं. केळी डॉक्टरांना विचारूनच खा.

ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, माणूस पडतो इथल्या मोरीत. तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेने अशा रुग्णांची यादी करावी, आशाताईंनी महिन्याला एकच प्रश्न विचारावा: "काका, पडले तर नाही ना?"

तुमच्या गल्लीत असं कोणी असेल, तर त्यांच्या घरी हे वाचून दाखवा.