उघड्या गाडीतले संगीत

मोटारगाडीत बसून संगीत ऐकण्याची हौस मोटारीहून फारशी धाकटी नाही. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी मोटारीत बसवता येण्याजोगा रेडिओ बाजारात आणला व त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. त्याची किंमत शंभराहून अधिक डॉलर होती, आणि त्या काळी फोर्डची एक चांगली गाडी साधारण साडेपाचशे डॉलरांत मिळत असे. म्हणजे गाडीच्या पंचमांश मोलाचा नुसता रेडिओ! १९५६ साली क्रायस्लर कंपनीने तर चालत्या गाडीत ग्रामोफोनची तबकडी वाजवून दाखवली. ही तबकडी मुद्दाम संथ फिरणारी, मिनिटाला सतरा फेरेही पुरते न घेणारी अशी होती. तो प्रयोग काही वर्षांतच गुंडाळावा लागला. परंतु माणसाची हौस कोठवर जाते, हे त्यावरून दिसावे.

ही सारी धडपड बहुतांशी बंदिस्त गाडीसाठी होती. बंदिस्त गाडी ही अखेर एक लहानशी खोलीच असते. तिला भिंती असतात, छत असते. आत सोडलेला सूर आतच राहतो. उघड्या छताच्या स्पोर्ट्स कारची गोष्ट निराळी. तिच्यात संगीत ऐकणे म्हणजे पावसाळी वाऱ्यात माडाखाली उभे राहून शेजारच्याशी हलक्या आवाजात बोलण्यासारखे आहे. तरीही अशा गाड्यांचे मालक जुने स्पीकर काढून नवे बसवण्यात वर्षानुवर्षे रमतात. हा खटाटोप कशासाठी, याचे मला पूर्वी नवल वाटे. २०२३ च्या उन्हाळ्यात महिनाभर कॅनडात मिसिसागा येथे राहिलो, तेव्हा हे नवल बरेचसे ओसरले.

मिसिसागा हे टोरोंटोला लागून ऑन्टारिओ सरोवराच्या काठी वसलेले शहर. गोव्याकडची व मुंबईकडची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. माझा आतेभाऊ त्यांतलाच एक. वयाने तो माझ्याहून बराच वडील. म्हणून मी त्याला दादा म्हणतो. लहानपणी मला ‘अरे’ म्हणून हाक मारणारा हा दादा माझ्या दीक्षाविधीच्या दिवसापासून मला ‘फादर, तुम्ही’ म्हणू लागला, तो आजतागायत. कितीही सांगितले तरी ऐकत नाही. पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणाऱ्या एका कारखान्यात त्याने अठ्ठावीस वर्षे काढली. त्या नोकरीच्या कमाईतून त्याने घर उभे केले, मुलाला शिकवले आणि स्वतःसाठी एकच चैन केली. १९९० ची लाल रंगाची माझ्दा मिआता ही दोन आसनांची गाडी त्याने जुनी विकत घेतली.

या गाडीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने ती फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम मांडली. इंग्रजांच्या साठीच्या दशकातल्या हलक्या, उघड्या गाड्या, विशेषतः लोटस एलान, हा तिचा आदर्श. तोशिहिको हिराई हे तिचे प्रमुख अभियंते. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाची ‘जिन्बा इत्ताई’ ही जपानी कल्पना त्यांनी या गाडीच्या रचनेत उतरवली. वजन टनाहूनही कमी. दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे. आणि मला सर्वांत मोहवून गेलेली बाब म्हणजे तिच्या सायलेन्सरमधून निघणारा आवाज कसा असावा, याचा त्या लोकांनी मुद्दाम अभ्यास केला होता. ज्या गाडीचा घोषच इतक्या आस्थेने घडवला आहे, तिच्यात आणखी गाणे कशाला, असे कोणी म्हटले तर ते मूर्खपणाचे नाही. दादा स्वतः पुष्कळ वर्षे तसेच म्हणत असे.

त्याचे मत पालटण्यास कारण झाला त्याचा कान. कारखान्यातल्या ठोकाठोकीने त्याची उंच पट्टीतली श्रवणशक्ती गेली आहे. अशा माणसाला बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. स, श, त, क, फ या व्यंजनांची ओळख उंच पट्टीतल्या ध्वनींवर अवलंबून असते. ती नाहीशी झाली की उरतात ते नुसते स्वर. वहिनी ‘सात’ म्हणाल्या तर दादाला ‘आत’ ऐकू येते. घरात तो श्रवणयंत्र लावतो. उघड्या गाडीत मात्र त्यात वाऱ्याचा खर्जातला गोंगाट शिरतो, म्हणून ते काढून ठेवावे लागते. परिणामी वहिनींनी त्या गाडीत बसणेच सोडले होते. ‘फादर, दोन तास नुसते ओरडत जायचे, मग बरोबर जायचे कशाला?’ असे त्या मला म्हणाल्या. रागाने नव्हे, पण त्यांना ते लागले होते. सरोवराच्या काठाने नायगारा-ऑन-द-लेक या टुमदार गावापर्यंत जाणे, वाटेत भाचीकडे थांबणे, जुन्या कॅसेटवरची गाणी ऐकत परत येणे, हा त्या दोघांचा उन्हाळ्यातला नेम तीन वर्षे मोडला होता.

पुतण्याने यावर तोडगा काढला होता. नव्या पिढीचा तोडगा बहुधा वॉटमध्ये मोजलेला असतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१००० वॉट’ असे छापलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि खर्जासाठी भला मोठा सबवूफर त्याने मागवून ठेवला होता. मुलाचा हेतू चांगलाच होता. वडिलांना ऐकू येत नाही ना, मग आवाज वाढवू!

पंचवीसएक वर्षे चर्चमधल्या ध्वनिक्षेपकांशी झुंजल्यामुळे मला या विषयाचे थोडेफार ज्ञान झाले आहे. खोक्यावरचे आकडे हे बहुतेक क्षणिक कमाल ताकदीचे असतात. सातत्याने मिळणारी ताकद फारच थोडी असते. गाडीतल्या रेडिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ असे लिहिलेले असले, तरी गाडीची वीज सव्वाचौदा-साडेचौदा व्होल्टच्या वर जात नाही. चार ओहमच्या स्पीकरला तेवढ्या विजेवर स्वच्छ आवाजात सव्वीस वॉटहून अधिक मिळूच शकत नाहीत, आणि प्रत्यक्षात अठरा-वीसच मिळतात. हे साधे अंकगणित आहे. अधिक ताकद हवी तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावून आधी व्होल्टेज वाढवावे लागते.

पण खरा प्रश्न ताकदीचा नव्हताच. ताशी १०० किलोमीटरने छत उघडे ठेवून जाताना पुतण्याच्या मोबाइलवरचा मापक ८५ डेसिबलच्या वरच रेंगाळत होता. असे मापक काटेकोर नसतात, हे मान्य. परंतु अंदाज येतो. ऑन्टारिओ प्रांतात १ जुलै २०१६ पासून जवळजवळ सर्व कामाच्या जागांना एक नियम लागू आहे. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. गाणे ऐकू यायचे तर ते वाऱ्याच्या वर चढले पाहिजे. म्हणजे दादाच्या उरल्यासुरल्या कानावर गाडीतच दुसरा कारखाना सुरू करण्यासारखे होते. त्याच्या श्रवणतज्ज्ञ बाईंनीही हेच बजावले होते.

सबवूफरचे तर अगदीच व्यर्थ. बंद गाडीत खर्ज भरून राहतो, कारण त्याला निसटायला वाट नसते. छत काढले की खर्ज आकाशात विरतो, आणि उरलेला वाऱ्याच्या घोंगाटात बुडतो. शिवाय मिआताची डिकी आसनांपासून पोलादी भिंतीने तोडलेली आहे. मध्ये पेट्रोलची टाकी आहे. डिकीत ठेवलेल्या सबवूफरचे संगीत मागून येणाऱ्या गाडीवाल्याने ऐकावे.

दादाच्या शांतपणाचे मला कौतुक वाटते. मुलाच्या उत्साहावर पाणी न टाकता त्याने एवढेच विचारले, ‘आवाज कमी करून ऐकू येईल असे काही आहे का?’

तसे होते, आणि गंमत म्हणजे त्याचा निम्मा भाग माझ्दाच्या लोकांनी १९९० च्या सुमारासच योजून ठेवला होता. या गाडीच्या काही नमुन्यांत आसनाच्या डोके टेकायच्या भागात दोन लहान स्पीकर बसवलेले असत. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि तीच वाढ लांबून मिळवायची तर चौपट ताकद लागते. दारातला स्पीकर कानापासून सुमारे एक मीटर. उशीतला बारा-तेरा सेंटिमीटर. एक मीटरचे तीनदा निम्मे केले की तितके होते. चारचा तीनदा गुणाकार केला की चौसष्ट. म्हणजे सारख्या प्रतीचे स्पीकर धरले, तर कानाशी एक वॉट जे करतो त्याला दाराशी चौसष्ट वॉट लागतात. मोठ्या देवळात वेदीजवळ दोन प्रचंड कर्णे लावण्याऐवजी बाकांजवळ अनेक छोटे स्पीकर मंद आवाजात लावतात, त्यामागे पुष्कळसे हेच तत्त्व आहे.

दादाच्या गाडीत ते स्पीकर होते, पण मुके झाले होते. कागदी पडद्याच्या कडेचा फोम काळाने भुगा होऊन पडतो. हा फोमच्या कडेच्या जुन्या स्पीकरांचा रोग आहे. त्या जागी रबरी कडेचे नवे बसवले. त्यांना खर्ज झेपत नाही. तो दारांतल्या स्पीकरांकडे ठेवला. दारांचे काम मात्र दोन दिवस चालले. काचेच्या फटीतून आत गेलेले पावसाचे पाणी दाराच्या पोकळीतून खाली उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. ती छिद्रे मातीने बुजलेली होती. ती मोकळी केली, आतल्या पत्र्यावर ब्यूटिलच्या चिकट चादरी दाबून बसवल्या, आणि छिद्रे पुन्हा झाकली जाणार नाहीत याची काळजी घेतली. ठोकल्यावर डब्यासारखे वाजणारे दार आता लाकडासारखे वाजू लागले. बोटांना काळा चिकटा लागलेला दादा पत्र्यावर हात फिरवताना मी पाहत होतो. अठ्ठावीस वर्षे ज्याने पत्र्याचा फक्त कर्कश आवाज ऐकला, तो पत्र्याला गप्प बसवत होता.

मूळचा कॅसेट-रेडिओ त्याला काढायचा नव्हता. या हट्टाला माझा पूर्ण पाठिंबा होता. जुन्या वस्तूचा चेहरा बदलला की ती जुनी राहत नाही, नुसती म्हातारी दिसते. हल्लीचे ‘डी’ वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर प्रार्थनापुस्तकाएवढे असतात, फारसे तापत नाहीत, आणि काहींना जुन्या रेडिओच्या स्पीकरच्या तारा थेट जोडता येतात. म्हणून हजार वॉटचे खोके परत गेले आणि असा एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आला. या गाडीची बॅटरी पुढे नसून डिकीत असते, त्यामुळे जाड तार हातभरच लागली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा विरघळल्यासारखा झाला होता, तोही बदलला.

पुतण्याच्या समाधानासाठी मोबाइलवरची गाणी वाजवणारे ब्लूटूथचे एक यंत्र जोडले, आणि त्याने पहिल्या संध्याकाळी आमचा अंत पाहिला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक बारीक शिटी वर चढे, सोडला की खाली येई. दादाला ती ऐकूच येत नव्हती. वहिनींना मात्र असह्य होत होती. यंत्राची वीज पुढच्या सिगारेट-लायटरमधून आणि अ‍ॅम्प्लिफायरची डिकीतून. दोन्हींचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी. अल्टरनेटरचा प्रवाह गाडीच्या अंगातून वाहतो, त्यामुळे त्या दोन जागांत किंचित फरक पडतो आणि तो फरकच गाऊ लागतो. यंत्र आसनांमागे आणून त्याचे अर्थिंग अ‍ॅम्प्लिफायरच्याच बोल्टला, रंग खरवडून, जोडले. शिटी बंद झाली.

आणि सर्वांत स्वस्त उपाय अखेरीस सुचला. आसनांमागे जाळीचा एक आडवा पडदा लावला आणि दोन्ही काचा वर केल्या. मागून वळून कानांवर आदळणारा वारा एकदम मंदावला. मापकाचा काटा ज्या प्रमाणात उतरला, त्याच प्रमाणात दादाने गाण्याचा आवाजही उतरवला.

माझ्या परतीच्या आधीच्या रविवारी दुपारी ती दोघे नायगारा-ऑन-द-लेकला जाऊन आली. वहिनी सांगत होत्या की महामार्गावर अजूनही बोलणे कठीणच आहे. पण सरोवराकाठच्या संथ रस्त्यावर त्या बोलल्या ते दादाला समजत होते, आणि न समजले तर गाणे थांबवण्याचे बटण आता त्यांच्या हाताशी होते.

एक काम राहिले आहे. उजव्या दारात कोठेतरी प्लॅस्टिकची खिट्टी सैल आहे. डग्ग्याचा खोल घुमारा आला की ती बारीक खडखडते. दादाला ती मुळीच ऐकू येत नाही. वहिनी बोटाने दार दाखवतात, तो गाडी कडेला घेतो, खिडकीत वाकून दार दाबून पाहतो आणि पुन्हा निघतो. हिवाळाभर गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवतात; बर्फ वितळल्यावर ते दार पुन्हा उघडून पाहायचे, असे ठरले आहे.