सिन्सपुढचं साल

आयटीआय करून मी २०१७ साली कोल्हापूरकडनं चाकणला आलो. महाळुंग्यात एका खोलीत आम्ही सहाजण. दिवसपाळी असली की संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जायचो. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेला गडी मी. काळ म्हटलं की घाम फुटायचा.

सरांनी ओळखलं, पोरगं फुटबॉलवेडं आहे. त्यांनी फळ्यावर सुनील छेत्रीच मांडला. ‘छेत्री प्लेज’ म्हणजे नेहमीचं. ‘इज प्लेइंग’ म्हणजे या घटकेला मैदानात पळतोय. ‘हॅज स्कोअर्ड’ म्हणजे गोल झालाय, फलकावर दिसतोय. अन् ‘हॅज बीन प्लेइंग सिन्स २००५’. त्या साली पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल मारला, तवापासून खेळ चालूच आहे.

“आता तुझं सांग बघू.”

मी उठलो. ‘आय हॅव बीन वर्किंग सिन्स...’ अन् अडलो. सात महिने भरले की ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवं गेटपास. सिन्सपुढं कुठलं साल घालू?

“सर, आमच्यात हा काळ बसत नाही.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून छेत्रीनं निरोप घेतला. १५१ सामने, ९४ गोल. खोलीत मोबाईलवर बघताना माझे डोळे भरले. पुढच्या वर्षी तो परत भारताकडून उतरला. माझाही ब्रेक संपला होता. त्याच्या सिन्सपुढं लोकांनी तेव्हाही २००५च लिहिलं. माझं साल दर ब्रेकला बदलतं.